पाण्यातले विष ओळखणारे जंतू
(तृतीय वर्ष कला, भूगोल)

माझ्या मामेबहिणीला फोटो काढून घ्यायला आवडत नाही. लग्नकार्यात फोटोग्राफर "जरा हसा" म्हणाला की ती ओठ घट्ट मिटून घेते, आणि मग आल्बममध्ये ती कायम रागावलेली दिसते. रागीट ती मुळीच नाही. तिच्या पुढच्या दातांवर तपकिरी पट्टे आहेत, एवढेच. तसे पट्टे माझ्या दोन्ही मामांच्या दातांवर आहेत, शेजारच्या घरातल्या मुलांच्या दातांवर आहेत. आणि धाकट्या मामांचे गुडघे तर पन्नाशीच्या आतच धरले. आमचे आजोळ यवतमाळ जिल्ह्यात, पांढरकवड्याच्या बाजूला. त्या भागात जमिनीखालच्या पाण्यात फ्लोराइडचे प्रमाण अधिक आहे, ही गोष्ट आता सर्वांना ठाऊक आहे. लहानपणी मात्र आम्हाला सांगण्यात येई की, "दात नीट घासत नाहीत म्हणून असे होते." माझी बहीण बिचारी दिवसातून तीन-तीनदा दात घाशी, आणि त्याच हातपंपाच्या पाण्याने चूळ भरी.

दोन वर्षांपूर्वी मोठ्या मामांनी त्या पंपाचे पाणी बाटलीत भरून एका कार्यालयात तपासायला दिले. पावती मिळाली. पुढे सात महिन्यांनी अहवालही आला, पण तो दुसऱ्याच कुठल्या तरी पंपाचा होता. मामांनी तो घडी करून पंचांगात ठेवला आहे. या प्रसंगावरूनच माझ्या डोक्यात एक प्रश्न शिरला. पाणी खारट आहे की गोड, हे जीभ सांगते. गढूळ आहे की स्वच्छ, हे डोळे सांगतात. मग ज्याला चव नाही, वास नाही, रंग नाही, असे काही पाण्यात असेल तर ते माणसाला विहिरीच्या काठावर उभे राहून, कुणाच्या अहवालाची वाट न पाहता, कळेल की नाही?

भूगोलाच्या प्रकल्पासाठी मी पिण्याचे पाणी हाच विषय घेतला, आणि वाचता वाचता स्कॉटलंडमधील एडिंबरा विद्यापीठातल्या काही विद्यार्थ्यांची हकीकत हाती लागली. तीच या लेखात सांगायची आहे. मी कलाशाखेची विद्यार्थिनी. सूक्ष्मदर्शकातून शेवटचे पाहिले ते शाळेत, आणि त्यातही मला माझी स्वतःची पापणीच दिसली होती. म्हणून विज्ञानशाखेच्या मित्रमैत्रिणींनी हे वाचताना थोडे सांभाळून घ्यावे.

एडिंबराच्या विद्यार्थ्यांनी हाती घेतला तो प्रश्न फ्लोराइडचा नव्हता, आर्सेनिकचा होता. आर्सेनिक म्हणजे आपला सोमल. जुन्या नाटका-कादंबऱ्यांतून दुधात कालवून देतात तो. हरताळ आणि मनशीळ ही त्याचीच गंधकाबरोबरची रूपे. पोथी लिहिताना चूक झाली की तिच्यावर पिवळी हरताळ फासत, त्यावरूनच "हरताळ फासणे" हा वाक्प्रचार मराठीत आला. तेव्हा आपल्या भाषेचा या विषाशी परिचय जुना आहे. पण बंगालमध्ये त्याने जो उत्पात केला त्याला तोड नाही.

त्याची गोष्ट अशी. आजच्या बांगलादेशात आणि पश्चिम बंगालमध्ये लोक पूर्वी तळ्यांचे, नद्यांचे पाणी पीत. त्यातून पटकी, हगवण पसरे आणि लहान मुले दगावत. म्हणून १९७०च्या दशकात युनिसेफसारख्या संस्थांच्या मदतीने गावोगाव कूपनलिका खोदण्याचा सपाटा सुरू झाला. पाणी स्वच्छ, थंड, दाराशी. पुढे लोकांनी स्वतःच्या खर्चाने अंगणाअंगणात नळ्या उतरवल्या आणि त्यांची संख्या काही दशलक्षांवर गेली. हे काम पुण्याचे होते यात शंका नाही. पण हिमालयातून गंगा-ब्रह्मपुत्रेने हजारो वर्षे वाहून आणलेल्या गाळात, लोहाच्या कणांना चिकटून, थोडे थोडे आर्सेनिकही आलेले होते. गाळात पुरलेला पालापाचोळा कुजतो, प्राणवायू संपतो, मग तिथले जंतू लोहाच्या त्या गंजावर जगू लागतात आणि त्याला चिकटलेले आर्सेनिक सुटे होऊन पाण्यात उतरते. नळ्या नेमक्या त्या उथळ थरांपर्यंत गेल्या होत्या.

१९८३ साली कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमधील त्वचारोगतज्ज्ञ डॉ. के. सी. साहा यांच्याकडे खेड्यांतले रुग्ण येऊ लागले. छातीवर पावसाच्या थेंबांसारखे काळे-पांढरे ठिपके, तळहात-तळपाय राठ होऊन त्यांवर गाठी. साहांनी ओळखले की हे आर्सेनिकचे काम आहे. पुढे जादवपूर विद्यापीठाचे दीपंकर चक्रवर्ती यांनी वर्षानुवर्षे गावोगाव हिंडून पाण्याचे नमुने तपासले. बांगलादेशात ही गोष्ट १९९३ मध्ये चापाई नवाबगंज येथे उघड झाली. दीर्घकाळ असे पाणी पोटात गेले की त्वचेचा, मूत्राशयाचा, फुप्फुसाचा कर्करोग होऊ शकतो. आणि हाता-पायांवरचे डाग पाहून लोक तो महारोग समजत. सासरहून परत पाठवलेल्या मुलींच्या हकीकती वाचताना मला सारखी फोटोतली आमची मुकी बहीण आठवत होती. २००० साली जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत ॲलन स्मिथ आणि सहकाऱ्यांनी लिहिले की, एखाद्या लोकसमूहाला झालेली ही इतिहासातली सर्वांत मोठी विषबाधा आहे. बांगलादेशातल्या १२.५ कोटी लोकांपैकी ३.५ ते ७.७ कोटींना धोका आहे, असा त्यांचा अंदाज होता.

यात एक प्रकरण असे आहे की ते वाचून मी पुस्तक मिटून थोडा वेळ नुसती बसले. १९९२ मध्ये ब्रिटिश जिऑलॉजिकल सर्व्हेने बांगलादेशातल्या काही विहिरींचे पाणी तपासले होते. अनेक द्रव्ये पाहिली, पण आर्सेनिक पाहिले नाही. पुढे गावकऱ्यांच्या वतीने इंग्लंडमध्ये दावा लावण्यात आला. तो हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेला, आणि जुलै २००६ मध्ये निकाल लागला की त्या संस्थेवर गावकऱ्यांबाबत तशी कायदेशीर जबाबदारी येत नाही. निकाल कायद्याला धरून असेलही, त्यावर मी काय बोलणार? पण तपासणाऱ्याने जे विचारले नाही ते पाण्याने आपण होऊन सांगितले नाही, एवढे मात्र त्यातून दिसते. आणि त्याच उन्हाळ्यात, त्याच देशाच्या उत्तर टोकाला, काही विद्यार्थी पाण्याला हाच प्रश्न विचारण्याची एक नवी रीत शोधत बसले होते.

आता ही रीत हवी कशाला? आर्सेनिक मोजणारी यंत्रे आहेतच की! आहेत, पण ती शहरातल्या प्रयोगशाळेत. गावात वापरायच्या पेट्याही आहेत. त्यांत नमुन्यात आम्ल आणि जस्ताची पूड घालतात. आर्सेनिक वायुरूप होऊन वर येते आणि पारदक्षार लावलेल्या कागदावर पिवळा-तपकिरी डाग उमटवते. डाग जितका गडद तितके विष जास्त. साधारण २००० नंतरच्या काही वर्षांत अशाच पेट्यांनी बांगलादेशात सुमारे ५० लाख नळ्या तपासल्या गेल्या, आणि नळीचे तोंड वाईट पाण्याला लाल व चांगल्याला हिरवे रंगवले गेले. पण तयार होणारा वायू स्वतःच विषारी, कागदावर पारा, आणि फिकट डागाचा अर्थ ज्याच्या त्याच्या नजरेवर. शिवाय एका अंगणातली नळी वाईट तर शेजारची चांगली, असा तिथला प्रकार आहे. म्हणजे दहा नळ्या पाहून अकरावीचा अंदाज बांधता येत नाही. प्रत्येक नळी तपासायची, आणि नवी खोदली की पुन्हा तपासायची. कसोटी स्वस्त हवी, बिनविषारी हवी, आणि खेड्यातल्या माणसाला वाचता यावी अशी हवी.

जागतिक आरोग्य संघटनेने घातलेली मर्यादा आहे एका लिटरला १० मायक्रोग्रॅम. हा आकडा मला नुसता वाचून कळला नाही. मग हिशेब केला. आमच्याकडे उन्हाळ्यात टँकर येतात, त्यांतला एक १० हजार लिटरचा धरा. असे दहा टँकर ओळीने उभे करा आणि त्या सगळ्यांत मिळून एक ग्रॅम, म्हणजे चिमूटभर, आर्सेनिक टाका. झाली मर्यादा! एवढ्या पाण्यातली ती चिमूट कोणाला कळावी?

जंतूंना कळते.

आपल्या आतड्यात ई. कोलाय नावाचे जंतू राहतात. त्यांतल्या काही जाती रोग करतात, पण प्रयोगशाळेत वापरतात ती के-१२ नावाची जात निरुपद्रवी आहे. १९२२ मध्ये कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड येथे घटसर्पातून उठलेल्या एका रुग्णाकडून ती मिळाली, आणि शंभर वर्षे प्रयोगशाळेत आयते खाऊन आता इतकी सुस्तावली आहे की बाहेरच्या जगात तिचा निभाव लागणे कठीण. या एवढ्याशा जीवालाही आर्सेनिकचे भय असते. म्हणून त्याच्याजवळ ते बाहेर फेकण्याची सोय असते. पण ही सोय अष्टौप्रहर चालू ठेवणे परवडत नाही. विष आले तरच ती चालू व्हायला हवी. त्यासाठी निसर्गाने केलेली योजना अशी : जंतूच्या डीएनएवर, म्हणजे त्याच्या कामकाजाच्या लेखी हुकमावर, त्या सोयीचा मजकूर सुरू होतो त्याच्या आधी एक प्रथिन अडसरासारखे बसलेले असते. अडसर आहे तोवर पुढचा मजकूर वाचला जात नाही. पेशीत आर्सेनिक शिरले की ते या प्रथिनाला चिकटते, प्रथिनाचा आकार बदलतो, अडसर निघतो आणि मजकूर वाचला जाऊ लागतो. बंदोबस्ताची प्रथिने तयार होतात आणि विष बाहेर फेकले जाते.

युक्ती अशी की अडसर तसाच ठेवायचा, पण त्याच्यापुढे आपल्याला हवा तो मजकूर जोडायचा. मग विष आले की जंतू आपल्याला हवे ते काम करील. हा विचार एडिंबराच्या मुलांनी प्रथम केला असे नाही. स्वित्झर्लंडमधील फान देर मीर यांच्या प्रयोगशाळेने असे जंतू आधीच केले होते. विष आले की ते प्रकाश देत, आणि व्हिएतनाममधल्या भूजलावर त्यांची परीक्षाही झाली होती. त्याचा वृत्तांत २००५ मध्ये छापून आला आहे. परंतु तो अंधुक प्रकाश मोजायला उपकरण हवे. एडिंबराच्या मुलांनी विचारले, उपकरण लागणारच नाही असे काही करता येईल का?

त्यांनी काढलेले उत्तर आपल्या स्वयंपाकघरातले आहे, आणि म्हणूनच मला ते एकदम पटले. दुधाला विरजण लावले की काय होते? विरजणातले जंतू दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, खातात आणि आम्ल सोडतात, दही आंबते. ई. कोलायही लॅक्टोज खाऊन आम्ले सोडतो, पण त्यासाठी ती साखर फोडणारे एक प्रथिन त्याला लागते. मुलांनी असा वाण घेतला की ज्याच्यात हे प्रथिन मुद्दाम अर्धवट ठेवलेले असते, आणि त्याचा राहिलेला तुकडा आर्सेनिकच्या अडसरापुढे जोडून दिला. आता पाणी चांगले असेल तर अडसर जागच्या जागी, प्रथिन अपुरे, आणि समोर साखर असूनही जंतू उपाशी. पाण्यात आर्सेनिक असेल तर अडसर निघतो, प्रथिन पुरे होते, जंतू साखर खातात आणि काही तासांत पाणी आंबट होते. आंबटपणा ओळखायला रंग पुरतो. हळदीला चुन्याची निवळी लागली की ती लाल होऊन कुंकू बनते, हे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या बायका जाणतात. तसेच आम्लाने रंग बदलणारे द्रव्य नळीत घातले की झाले. लिटरला १० मायक्रोग्रॅमच्या मर्यादेवर सुद्धा ही नळी बोलते, असे प्रयोगशाळेत दिसून आले.

मूळ आराखडा तर याहून चतुर होता. पाणी अगदी शुद्ध असेल तर जंतूंनी युरियापासून अमोनिया करून पाणी उलट अल्कधर्मी करावे, थोडे विष असेल तर काहीच करू नये, आणि जास्त असेल तर आम्ल करावे, असा तो होता. याचे मर्म मला दुसऱ्यांदा वाचल्यावर समजले. नुसत्या आम्लाच्या कसोटीत एक खोट राहते : विष असूनही जंतू वाटेत मेलेले असतील तर रंग बदलणार नाही, आणि आपण म्हणू की पाणी चांगले. निवांत पहारेकरी आणि मेलेला पहारेकरी, दोघेही गप्पच असतात. चांगल्या पाण्यालाही "चांगले" असे रंगाने म्हणवून घेतले की ही फसगत टळते. प्रत्यक्षात मुलांच्या हातून पुरा झाला तो मुख्यतः आम्लाचा भाग. एका उन्हाळ्याच्या सुट्टीत एवढे झाले हेच पुष्कळ. तेवढ्यासाठी, पडताळा म्हणून, ठाऊक प्रमाणाच्या नळ्या शेजारी लावून ठेवता येतात.

एका सुट्टीत हे झाले कसे, याचे उत्तर देण्यासाठी मला आमच्या हातपंपाकडे वळावे लागेल. पूर्वी खेड्यांत बिडाचे पंप बसवत. ते वर्षाच्या आत मोडत, आणि एकाचा भाग दुसऱ्याला बसत नसे. मग आपल्याच सोलापूरच्या बाजूला एक मजबूत पोलादी पंप निघाला, सोलापूर पंप म्हणतात तो. १९७०च्या दशकात युनिसेफच्या साहाय्याने त्याच्यावरून "इंडिया मार्क २" हा पंप सिद्ध झाला, आणि त्याच्या प्रत्येक भागाची मापे ठरवून दिली गेली. त्यामुळे एका कारखान्यातला दांडा दुसऱ्याच्या पंपाला बसतो आणि तालुक्याचा मिस्त्री कुठलाही पंप दुरुस्त करतो. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील संगणकतज्ज्ञ टॉम नाइट यांनी २००३ च्या सुमारास हाच विचार डीएनएच्या तुकड्यांना लावला. तुकड्यांची टोके एका ठराविक मापाची ठेवायची, म्हणजे कुठलाही तुकडा कुठल्याही तुकड्याला जोडता येईल. असे तुकडे जमा करून ठेवणारे भांडार निघाले, आणि २००४ पासून त्याच संस्थेत विद्यार्थ्यांची स्पर्धा भरू लागली. तिचे नाव आयजेम. भांडारातले तुकडे न्यायचे, काहीतरी नवे करायचे, आपण केलेले नवे तुकडे पुन्हा भांडारात ठेवायचे. पहिल्या वर्षी ५ संघ होते. नोव्हेंबर २००६ मध्ये ३० हून अधिक आले, आणि एडिंबराच्या संघाला प्रत्यक्ष जीवनातील सर्वोत्तम उपयोगाचे पारितोषिक मिळाले.

कलाशाखेच्या वाचकांनी "आपला इथे काय संबंध?" असे म्हणून पान उलटू नये. २००९ मध्ये याच स्पर्धेत बंगळूरच्या सृष्टी या कला-विद्यालयातील मुले उतरली होती. चित्रे काढणारी, रचनाकला शिकणारी ही मुले. त्यांनी ई. कोलायला काय करायला लावले असेल? पहिल्या पावसाचा मातीचा वास! त्या वासामागचे द्रव्य, जिओस्मिन, मातीतले काही जंतूच तयार करत असतात. त्यांचा मजकूर या मुलांनी घेतला. उपयोग विचाराल तर काही नाही. पण यंत्रशाळेतल्या लोकांना जे सुचले नसते ते त्यांना सुचले, याचा मला उगाचच अभिमान वाटला.

असो. २००६ ला आता पुष्कळ वर्षे झाली. मग ती रंगाची नळी बंगालच्या अंगणात का दिसत नाही? पुढे एडिंबराच्या जोडीला केंब्रिजचे लोक आले. ई. कोलायच्या जागी बॅसिलस सबटिलिस हा मातीतला जंतू घ्यावा असे ठरले. जपानात सोयाबीन आंबवून नाटो करतात तो याच जातीचा. परिस्थिती वाईट झाली की तो बीजाणू होऊन वर्षानुवर्षे कोरडा पडून राहतो, म्हणजे तो पुडीत भरून कुठेही नेता येतो. नेपाळच्या तराईत जाऊन लोकांना काय हवे आहे याची विचारपूसही झाली. अडचण निराळीच होती. माणसाने डीएनए बदललेला जिवंत जंतू प्रयोगशाळेच्या भिंतीबाहेर न्यायचा म्हणजे युरोपात परवानग्यांचा डोंगर. आपल्याकडेही १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखाली १९८९ मध्ये केलेले नियम अशाच गोष्टींसाठी आहेत.

हे नियम मूर्खपणाचे आहेत असे मी म्हणणार नाही. नळी फुटली, कोणी ती नाल्यात ओतली, तर पुढे काय, हा प्रश्न रास्त आहे. सुस्तावलेला के-१२ तिथे टिकणार नाही असे शास्त्रज्ञ म्हणतात. पण कूपनलिका खोदताना सुद्धा सगळे शहाणे लोक "हे पाणी उत्तम आहे" असेच म्हणत होते, आणि ते खोटे बोलत नव्हते. दुसऱ्या बाजूला, इकडे परवानगीचा कागद टेबलांवरून फिरतो आणि तिकडे रोज घागर भरली जाते. या दोहोंपैकी कोणते भय मोठे, हे ठरवताना घागर भरणाऱ्या बाईला कोणी विचारीत नाही, एवढीच माझी तक्रार आहे.

या कोंडीतून निघालेली एक वाट मात्र थेट माझ्या आजोळाकडे येते, आणि ती सापडली तेव्हा मी ग्रंथालयात मोठ्याने "अरे!" म्हणाले. वाट अशी की जंतू जिवंत ठेवायचाच नाही. त्याची पेशी फोडून आतला मजकूर वाचणारी सामग्री तेवढी काढून घ्यायची, तिच्यात आपल्या डीएनएचा तुकडा घालायचा आणि सगळे गोठवून वाळवायचे. उरते ती नळीच्या तळाशी चिमूटभर भुकटी. पाण्याचा थेंब टाकला की ती जागी होते, एकदा काम करते आणि संपते. वाढायला, पसरायला तिथे कोणी जिवंत नसतेच.

२०१२ मध्ये अमेरिकेतील येल विद्यापीठात रोनाल्ड ब्रेकर आणि सहकाऱ्यांना आढळले की जंतूंकडे फ्लोराइड ओळखण्याचीही सोय आहे. हा अडसर प्रथिनाचा नसून आरएनएचा आहे : फ्लोराइडचा कण सापडला की आरएनएची घडी बदलते आणि पुढचा मजकूर वाचला जातो. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातील ज्युलियस लक्स यांच्या प्रयोगशाळेने हीच घडी त्या वाळवलेल्या भुकटीत बसवली. पाण्यात फ्लोराइड जास्त असेल तर नळी पिवळी होते. मध्य अमेरिकेतील कोस्टारिकात नैसर्गिक पाण्यावर तिचा प्रयोग झाला आणि २०२० मध्ये तो प्रसिद्ध झाला. पुढे केनियातल्या खेड्यांत घराघरांतून लोकांच्याच हाती नळ्या देऊन पाहण्यात आले. कोस्टारिकात दाखवलेली मर्यादा लिटरला २ मिलिग्रॅमची होती. आपल्याकडे पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड १ पर्यंत असावे, आणि दुसरा उपाय नसेल तर १.५ पर्यंत चालवून घ्यावे, असे मानक आहे. म्हणजे १.५ आणि २ यांच्या मधल्या पाण्याबद्दल ती नळी गप्प राहण्याचा संभव आहे, आणि आमच्या गावचे पाणी नेमके त्या मधल्या जागेत बसत असेल तर? पण नळीला शिकवता येते. सात महिन्यांनी दुसऱ्याच पंपाचा अहवाल देणाऱ्या टेबलाला काय शिकवायचे, ते मला ठाऊक नाही.

या दिवाळीत आजोळी गेले तेव्हा हे सगळे मामींना सांगायचा मी प्रयत्न केला. त्या ओट्यावर बसून तुरीच्या शेंगा सोलत होत्या. विरजणाचे त्यांना लगेच समजले. "आंबलं का कळते, बराबर," असे म्हणाल्या. कुंकवाचेही समजले. थेंब टाकायचा, थोडा वेळ थांबायचे आणि पिवळे झाले तर पाणी वाईट, इथवर आम्ही आलो. मामेबहीण दाराला टेकून ऐकत होती. मामींनी हातातली शेंग खाली ठेवली, पंपाकडे पाहिले आणि मला म्हणाल्या,

"अन् पिवळं झालं तं मंग बाई, पानी कुठून आनाचं?"

बांगलादेशात लाल रंगवलेल्या नळ्यांवरून पाणी भरणाऱ्या बायकांच्या हकीकती मी वाचल्या होत्या. हिरवी नळी दूर होती, किंवा ती दुसऱ्याच्या अंगणात होती. ते मी मामींना सांगितले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि बहिणीने गावातले सगळे पंप मोजले. सात निघाले, त्यांतले पाच चालू. प्रत्येकाचे पाणी वेगळ्या बाटलीत भरून, वर चिठ्ठी चिकटवून, आम्ही त्या बाटल्या माझ्या पिशवीत घातल्या. चिठ्ठ्यांवरची अक्षरे बहिणीची आहेत, माझ्यापेक्षा पुष्कळच चांगली.